आईचे हात

सांगलीला माहेरी गेले की गल्लीत कुणी ना कुणी म्हणतंच, "तुझ्या आईच्या घरात फरशीवर वाढून घ्यावं!" पूर्वी अभिमान वाटायचा. आता पोटात कालवतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. ओसरल्यावर राहिलेल्या गाळाचा वास ज्यांनी घेतलाय त्यांनाच कळेल. गाद्या, कपाटं, आजीची पितळी भांडी, सगळं काळंठिक्कर. आईनं पदर खोचून फावड्यानं गाळ ओढला, भिंती धुतल्या, घर उभं केलं. तेव्हा तिचं कौतुक करावं तेवढं थोडंच होतं.

पण घर स्वच्छ झालं आणि आईचं धुणं-पुसणं काही थांबलं नाही.

फरशी दिवसातून चारदा. दुधाची पिशवी साबणानं धुवायची, मग ती वडी दुसऱ्या साबणानं धुवायची. बाबांनी मंडईतून आल्यावर आधी मोरीत पाय धुवायचे, शर्ट बदलायचा, मगच आत. दुपारभर ते बाहेर कट्ट्यावर, कारण फरशी ओली. माझा मुलगा उंबऱ्यात थांबून विचारायचा, "आजी, आता येऊ?" तिला त्रास नको म्हणून आम्ही सगळं निमूट पाळलं. त्यानं तिची भीती पक्कीच होत गेली, हे मला फार उशिरा समजलं.

एकदा पोह्यांवर लिंबू पिळताना तिनं झटक्यात हात मागे घेतला. मी धरून बघितला. पेरापेरांवर भेगा, नखांभोवतीची कातडी पांढरीफटक, दोन ठिकाणी रक्त. दोन वर्षं एका डॉक्टरांकडून नुसतं मलम चाललं होतं. दिवसातून किती वेळा हात धुता, एवढं साधं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आणि मग एके दिवशी तिनं बंद बाथरूममध्ये ब्लीचिंग पावडरवर संडासाचं ॲसिड ओतलं. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बाबांनी खोकताना ऐकलं म्हणून बाहेर तरी काढलं. कृपा करून या दोन गोष्टी कधीही एकत्र करू नका.

आपल्याकडे या सततच्या धुण्या-पुसण्याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतात. घाण लागली, काहीतरी वाईट होणार, हा विचार मनातून हलत नाही. हात धुतले की घडीभर बरं वाटतं आणि तेवढ्यासाठीच पुन्हा धुवावे लागतात. हौस नाही ती. आई मला रडत म्हणाली होती, "मला कळतंय गं, पण हात ऐकत नाहीत."

टापटीप असणारी प्रत्येक बाई आजारी नसते. पण रोज तासाभरापेक्षा जास्त वेळ यातच जात असेल, माणसं घरात यायला बिचकत असतील, तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जायला लाजू नका. गोळ्या असतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्याबरोबर एक उपचार असतो, भीती वाटते त्या वस्तूला थोडं थोडं शिवायचं आणि हात न धुता थांबायचं. कुठं जावं सुचत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लावा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

मला राग येतो तो आपल्या सगळ्यांचा. हळदीकुंकवाला गेलो की ओट्यावर आणि खिडकीच्या गजांवर नजर फिरवतो. बाईची किंमत तिच्या फरशीवरून ठरवतो. आईचं दुखणं इतकी वर्षं याच कौतुकाखाली झाकून राहिलं. "किती स्वच्छ!" म्हणायच्या आधी एकदा "तू आज बसलीस का गं जरा?" असं विचारून बघा ना.

गेल्या रविवारी मी साताऱ्याहून एसटीनं आले ती पाय न धुता तिच्या दिवाणावर बसले. तिच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, तिलाही ठाऊक होतं. ती शेजारी बसली. माझा हात घट्ट धरला होता, बोटं थरथरत होती, नजर माझ्या तळपायांवर. घड्याळात वीस मिनिटं गेली. मग ती उठली, मोरीकडे वळली, थांबली आणि चहाचं आधण ठेवलं.