प्लांट विकला जातो तेव्हा कामगार कुठे जातो?

तळेगावच्या जुन्या जनरल मोटर्सच्या प्लांटमधून आता ह्युंदाईच्या गाड्या बाहेर पडतायत. चांगलंच आहे, बंद कारखान्याने कुणाचं भलं होत नाही. पण बातम्यांत गुंतवणुकीचे आकडेच दिसतात. आधी तिथे राबणाऱ्यांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

जरा क्रम बघा. २००८ मध्ये प्लांट सुरू झाला. २०१७ संपता संपता कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, तळेगावला निर्यातीपुरतं काम उरलं. डिसेंबर २०२० मध्ये तेही संपलं. एप्रिल २०२१ मध्ये, ऐन दुसऱ्या लाटेत, १,४१९ कामगारांना नोटिसा. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्स या कार कंपनीशी प्लांट विक्रीचा ठरलेला सौदा गलवानच्या भारत-चीन चकमकीनंतर लटकला आणि २०२२ मध्ये मोडला. मग ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला: जमीन, इमारती, काही यंत्रसामग्री. कामगार त्यात नव्हते. 'आम्हालाही घ्या' म्हणत ते त्याच वर्षी उपोषणाला बसले.

"कंपनी म्हणजे काय धर्मादाय संस्था आहे का?" कमेंटमध्ये हे येणारच, म्हणून आधीच सांगतो. फोर्डने गुजरातमधला साणंदचा कार प्लांट टाटांना ७२५.७ कोटींना विकला, तेव्हा वाहननिर्मितीतल्या पात्र कामगारांना टाटांकडे नोकरी देण्याचं करारातच होतं. जानेवारी २०२३ मध्ये व्यवहार पूर्ण झाला आणि ज्यांनी ऑफर घेतली ते टाटांचे कर्मचारी झाले. टाटाही धंदाच करतात. फरक मला एवढाच दिसतो की आधीच्या सामंजस्य करारावर दोन्ही कंपन्यांबरोबर गुजरात सरकारचीही सही होती.

आपल्याकडे सरकारच्या हातात काही नव्हतं असं कुणी सांगू नये. एमआयडीसीची जमीन भाडेपट्ट्याची असते, ती दुसऱ्याच्या नावे करायला एमआयडीसीची संमती लागते. वर सवलतीही सरकारच देतं. त्या कागदावर 'जुन्या कामगारांना आधी विचारा' एवढी एक अट घालायला काय लागतं?

'भरपाई मिळते की' हेही ऐकून झालंय. कायद्याने किमान किती, तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार. युनियन भांडून जास्त मिळवते, पण त्यातून घराचा हप्ता किती वर्षं फिटणार? चाकणच्या कंत्राटदारांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज वाचा कधीतरी: 'आयटीआय पास, वय १८ ते २६, कॅन्टीन-बस फ्री'. बॉडी शॉपमध्ये वेल्डिंग करून चाळिशीला आलेल्या माणसाने हा मेसेज वाचून काय करायचं? आपल्याकडे सोयरीक जमवतानासुद्धा पहिला प्रश्न 'मुलगा पर्मनंट आहे का?' हाच असतो. आणि कंत्राटी, ट्रेनी पोरांचं तर बोलायलाच नको, त्यांना कमी केल्याची बातमीही होत नाही.

जर्मनीत फोक्सवॅगनने २०२४ च्या डिसेंबरमध्ये ३५ हजारांहून जास्त नोकऱ्या कमी करायचं ठरवलं. पण तिथे संचालकांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या आहेत. त्यामुळे २०३० पर्यंत सक्तीने कुणाला काढणार नाही, हे लिहून घेता आलं. आपण मात्र उलट्या दिशेने निघालोय. कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची ती १०० कामगारांपासून, नव्या कामगार कायद्यात (औद्योगिक संबंध संहितेत) तो आकडा ३०० झाला.

पुढचा प्लांट विकायला निघेल तेव्हा आपल्या भागातल्या आमदाराला करारातलं कामगारांचं कलम वाचून दाखवायला सांगा. नसेल तर का नाही, तेही विचारा.