उपकार मानायचे म्हणजे गप्प बसायचं नव्हे

ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश सारखा फिरतो. मजकूर थोडक्यात असा: मिसर देशाच्या (इजिप्तच्या) गुलामीतून निघालेले इस्राएल लोक वाटेत कुरकुरले म्हणून ११ दिवसांची वाट ४० वर्षांची झाली. तक्रार म्हणजे अविश्वास. लोकल चुकली, पाणी आलं नाही, पगार अडकला, तरी तोंडातून तक्रार काढू नका. फक्त उपकार माना, सगळं गमावलेल्या ईयोबाला शेवटी मिळालं तसं दुप्पट मिळेल.

उपकारस्तुतीचा आग्रह मला मनापासून मान्य आहे. पण शास्त्राचं नाव घेऊन इथे जे सांगितलंय, त्यातलं बरंचसं शास्त्रात तसं नाही. शिवाय त्याने गांजलेल्या माणसाचंच तोंड बंद होतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"११ दिवसांची ४० वर्षं झाली." बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातले ११ दिवस हे होरेब डोंगरापासून कनानच्या वेशीजवळच्या कादेश-बर्ण्यापर्यंतचं अंतर आहे, मिसर ते कनान या वचनदत्त देशापर्यंतचं नव्हे. आणि कादेशला लोक पोहोचले होते! तिथून कनान पाहायला गेलेले हेर ४० दिवसांनी परतले, त्यांच्यातल्या दहांनी लोकांना घाबरवलं, आणि लोक म्हणाले, दुसरा पुढारी नेमू आणि मिसरला परत जाऊ. कुरकुर तेव्हाही झाली, पण ४० वर्षं लागली ती पुढे जायला दिलेल्या नकाराची, हेरांच्या एका दिवसाला एक वर्ष. त्याआधी मारा नावाच्या ठिकाणी पाणी कडू लागलं म्हणून ते कुरकुरले, तेव्हा देवाने पाणी गोड केलं. भुकेने कुरकुरले, तेव्हा मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, दिला. रफीदीमला तहानेने आपला पुढारी मोशे याच्याशी भांडले, तेव्हा खडकातून पाणी दिलं. तहानलेल्याला त्याने हाकलून दिलं नाही.

देव संतापला तो 'गणना' या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात, आणि तो प्रसंग सावकाश वाचण्यासारखा आहे. मान्ना रोज पडत होता. लोक तो गोळा करायचे, जात्यात दळायचे नाहीतर उखळात कुटायचे, शिजवायचे, त्याच्या भाकरी करायचे. पोट भरत होतं. तरी ते रडायला लागले की मिसरात मासे फुकट मिळायचे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण मिळायचा. फुकट? तिथे ते विटा थापणारे गुलाम होते, त्यांच्या तान्ह्या मुलांना नदीत टाकायचा हुकूम निघाला होता. कुरकुरीची सवय लागली की हेच होतं. समोरचं ताट दिसेनासं होतं आणि मागचा छळसुद्धा गोड वाटायला लागतो. नव्या घरात पाणी तासभरच येतं म्हणून चिडचिड करताना, चाळीत हंडा-कळशी घेऊन रांगेत उभे राहायचो हे आपण साफ विसरतो. इथपर्यंत तो संदेश बरोबर आहे. बादली भरताना "प्रभू, आज पाणी आलं, तुझे उपकार" एवढं म्हणून बघा. त्यानंतर मुलांवर खेकसायला जीभ सहसा रेटत नाही.

"तक्रार म्हणजे अविश्वास." मग बायबलमधली स्तोत्रसंहिता मिटून ठेवावी लागेल. १४२व्या स्तोत्रात दावीद उघडपणे देवापुढे गाऱ्हाणं ओततो. वधस्तंभावर प्रभू येशूच्या ओठी २२व्या स्तोत्राचा "माझ्या देवा, तू मला का सोडलंस?" हा आक्रोश आला. हबक्कूक संदेष्टा तर सुरुवातच "किती वेळ?" अशी करतो, आणि शेवटी म्हणतो की अंजिराला बहर नसला, गोठ्यात गुरं नसली, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. हा आनंद त्याला गाऱ्हाणं गिळून मिळालेला नाही. त्याने ते मांडलं आणि उत्तरासाठी बुरुजावर उभा राहिला.

"दुप्पट मिळेल." ईयोब तिसऱ्या अध्यायापासून आपलं दुःख बोलतोय, स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतोय. देव शेवटी रागावतो ते त्याला गप्प करू पाहणाऱ्या मित्रांवर. येशूने बऱ्या केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी नऊ जण आभार मानायला परतले नाहीत. प्रभूला ते लागलं, पण त्यांचं बरेपण त्याने काढून घेतलं असं ही गोष्ट सांगणारा लूक कुठेच म्हणत नाही. देवाशी सौदा होत नाही.

"पगार अडकला तरी बोलू नका." मला सगळ्यात खटकलं ते हे. यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जात होतं. तशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, कोणाला दटावलं नाही, वाटपासाठी सात जण नेमले. याकोब आपल्या पत्रात लिहितो की अडकवलेली मजुरी ओरडते आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश परमेश्वराच्या कानी जातो. "कुरकुर न करता सर्व काही करा" हे प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलं. त्याच फिलिप्पैच्या तुरुंगात फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना, मध्यरात्री तो आणि त्याचा सोबती सीला गीतं गात होते. सकाळी गुपचूप निघून जा असा निरोप आला, तेव्हा हाच पौल अडून बसला: आम्ही रोमन नागरिक, चौकशीविना आम्हाला चारचौघांत मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर न्या. अधिकाऱ्यांना यावं लागलं.

आपल्या पंडिता रमाबाईंचंही तेच. १८९७मध्ये पुण्याच्या प्लेगात स्त्रियांना मिळालेल्या वागणुकीबद्दल त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहून सरकारला जाब विचारला. त्यांच्या प्रार्थनामय जीवनाचे दाखले देणाऱ्यांनी हे पत्रही सांगावं.

आमच्या प्रार्थनासभेत साक्षीच्या वेळी, घरकाम करणाऱ्या एका मावशींनी दोन महिन्यांचा पगार मिळाला नसल्याचं सांगितलं. लगेच कोणीतरी म्हणालं, "मावशी, कुरकुर नको, उपकार माना." त्या "हो, हो" म्हणत खाली बसल्या, आणि पुढच्या रविवारी आल्या नाहीत. मग पाळकसाहेब आणि मंडळीतल्या दोघी बहिणी त्यांच्या घरी गेल्या, तिथून त्यांना घेऊन मालकिणीकडे. एका महिन्याचे पैसे तिथल्या तिथे मिळाले, दुसऱ्याचे पुढच्या महिन्यात द्यायचं कबूल झालं. त्यानंतरच्या सभेत उपकारस्तुतीची प्रार्थना मावशींनीच केली, आणि उरलेल्या पैशांचं गाऱ्हाणंही तिच्यातच घातलं.