पाऊण तासाचा प्रश्न

ऐरोलीहून ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला जायचं तर बोटीला पाणी लागतं आणि फ्लेमिंगोला चिखल. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली, मग पक्षी दुसरीकडे. पूर्ण ओहोटीला पक्षी चरायला हजर, पण बोट हलत नाही. मधल्या वेळात काय ते साधायचं. ही वेळ रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते आणि आमच्या घरची माणसं कायम पाऊण तास मागे असतात.

मी मोबाइलवर भरतीची वेळ शोधत होतो, तेवढ्यात श्रीवर्धनच्या आत्याने विचारलं, "उद्या तिथी कुठली?" षष्ठी. "मग सहाची पाऊणपट, साडेचारला भरती. पावणेअकराला सुकती. साडेसातच्या आत धक्क्यावर हवं." मोबाइलचं उत्तर त्याच्याच आसपास निघालं, फक्त बरंच उशिरा.

धक्क्यावर पोचलो ते मेहुण्याच्या लेन्सची टोपी घरी राहिल्यावरून भांडतच. बोट सुटली आणि खाडीचा वास आला. या चिखलात हवा खेळत नाही, म्हणून तिवरं श्वास घ्यायला मुळं वर काढतात. मेहुण्याने श्वासच बंद केला होता.

ठाणे खाडीचा हा भाग २०१५ साली अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही गेला. एका काठाला मुंबई, दुसऱ्याला नवी मुंबई. दोन्हीकडे खाडी दिसणाऱ्या खिडकीचे वेगळे पैसे मोजावे लागतात आणि हे पाहुणे थेट खाडीत, बिनभाड्याने, तेही सरकारी संरक्षणात! मला तर सरळ हेवा वाटला.

"सगळे गुलाबी कुठेत?" मुलगी रुसली. करडे दिसतात ते लहान आहेत, गाइड म्हणाला. शेवाळ खाऊन खाऊन रंग चढतो. आत्याने संधी साधली. "ऐकलंस? आणि तू पालक खात नाहीस."

"खाल्ला तर मी हिरवी होईन!"

यावर आत्याकडे पंचांगातलंही उत्तर नव्हतं.

फ्लेमिंगो चोच उलटी करून, मान खाली घालून चिखल गाळत बसतात. फोटोसाठी वर बघण्याची पद्धत त्यांच्यात नाही. मेहुण्याने ढीगभर फोटो काढले, सगळे पाठीचे. शेवटी एकाने मान वर केली, नेमका तेव्हाच बोटवाला ओरडला, "चला, पाणी चाललं!"

मेहुणा लेन्स बदलत होता.