बाथरूममधला कान

आमच्या बाथरूममध्ये माणसाच्या कानाचा तक्ता लावलाय आणि घरातलं माझं सगळ्यात आवडतं चित्र तेच आहे.

सदाशिव पेठेतली जुनी इमारत, साडेचार बाय सहाची बाथरूम. पूर्वी शाळेत खुंटीला लटकवायचे तसा हा तक्ता आहे: मागे कापड, वर-खाली लाकडी पट्ट्या. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे एका रविवारी पितळी नळांच्या ढिगाखाली गुंडाळी सापडली. उलगडली तर फिकट गुलाबी कान आणि आत ठसठशीत देवनागरीत नावं: कर्णपटल, हातोडी, ऐरण, रिकीब. जवळून पाहिलं की लाल रंग रेषेबाहेर केसभर सरकलेला दिसतो. तेव्हा एकेक रंग वेगवेगळा छापत, कागद दरवेळी तंतोतंत बसायचा नाही. मला तो सरकलेला लाल फार आवडतो. तिथे छापणाऱ्याचा हात दिसतो.

एवढं चांगलं चित्र बाथरूममध्ये कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. हॉलमधल्या चित्रापुढे शेवटचं कधी उभे राहिलात, आठवून बघा. ते सोफ्याच्या वर असतं आणि आपण सोफ्यावर, त्याच्याकडे पाठ करून. दात घासताना मात्र रोज दोन-तीन मिनिटं आपण एका भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे असतो, हातात फोन नसतो. चित्र नीट बघायला याहून चांगली जागा घरात नाही. आणि जागा लहान म्हणून चित्रंही लहान, हे मला पटत नाही. चार-पाच छोट्या फ्रेम लावल्या की खोली आणखी आवळते. एकच मोठं लावा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळते. आपल्याकडची जुनी छापील चित्रं म्हणजे बहुतेक देवादिकांची. चित्रशाळा छापखाना १८७८ साली इथे पुण्यातच निघाला. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला आला, आपल्या लोणावळा लोकलच्या वाटेवर. त्या लक्ष्मी-सरस्वती कितीही सुंदर असल्या तरी त्यांना मोरीत जागा नाही. ज्या चित्रांना कुणीतरी वर्षानुवर्षं हळदकुंकू वाहिलंय, त्यांची जागा देवघरात. गेलेल्या माणसांचे फोटोही नकोत. तरी उरतं ते थोडं नाही: पिकांवरच्या किडींचे तक्ते, जुने नकाशे, काड्यापेट्यांचे छाप, कापडाच्या ताग्यांवरची रंगीत लेबलं. हे सगळं आपलं असताना मुद्दाम गंज रंगवलेल्या परदेशी मोटारींच्या नव्याकोऱ्या पत्र्याच्या पाट्या लोक विकत आणतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता चूक सांगते. कानाच्या आधी तिथे माशांचा तक्ता होता. फ्रेमवाल्याने तो खळ लावून प्लायवर चिकटवला, काच थेट कागदाला टेकवली आणि मी तो गिझरशेजारी लावला. २०१९च्या पावसाळ्यात आधी कागदाला लाटा आल्या, मग काचेच्या आतून काळे ठिपके. खळीवर कसर आली. सप्टेंबरात फ्रेम उघडली तेव्हा मरळ माशाचं डोकं काचेला चिकटून निघून आलं. तो तक्ता पुन्हा कुठे मिळाला नाही.

म्हणून आता मूळ कागद बाथरूममध्ये नेतच नाही. कान कपाटात गुंडाळून ठेवलाय, सुती कापडात, प्लास्टिकमध्ये नाही. भिंतीवर आहे ती प्रत. आर्किटेक्ट मंडळींचे नकाशे छापणारे प्लॉटिंगवाले असतात, त्यांच्याकडे मोठा स्कॅनर असतो. पूर्ण आकारात स्कॅन करून मॅट कागदावर छापून घेतला. चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप येते आणि अक्षरं वाचता येत नाहीत. प्रतीलाही जपावं लागतंच: लाकूड फुगतं म्हणून ॲल्युमिनियमची फ्रेम, काच आणि कागदात माउंटची, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट, मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, म्हणजे ओल्या भिंतीपासून फ्रेम सुटी राहते आणि वारा खेळतो. शॉवरच्या समोरची कोरडी भिंत निवडली. अंघोळ झाल्यावर एक्झॉस्ट फॅन अर्धा तास चालू. लॅमिनेशन करू का, असं विचारणाऱ्यांना हात जोडून सांगते, मूळ कागदाला ते कधीही करू नका. नंतर सोडवायला गेलात तर कागदच फाटतो.

परवा आई आली होती. बराच वेळ बाहेर येईना म्हणून दारावर टकटक केली, तर आतूनच म्हणाली, "अगं, रिकीब म्हणजे घोड्याच्या खोगिराची ना? कानात कशी?" मग आम्ही दोघी त्या साडेचार बाय सहात उभ्या राहून शरीरातलं सगळ्यात लहान हाड शोधत होतो. ते खरंच रिकिबीच्या आकाराचं असतं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे.

बऱ्याच जुन्या शाळांच्या माळ्यावर असे तक्ते धूळ खात असतील, आणि पाडापाडी निघाली की ते किलोवर रद्दीत जातील. तुमच्या शाळेत किंवा ओळखीत कुठे असतील तर रद्दीवाल्याला देण्याआधी मला मेसेज करा. फाटके असले तरी चालतील, पुण्यात कुठेही मी स्वतः येऊन घेऊन जाईन. माशांचा असेल तर रात्री-अपरात्रीही कळवा.