चलान हा आरोप आहे, निकाल नाही: एका वाचकाच्या आक्षेपाला उत्तर

ई-चलानला न्यायालयात आव्हान देण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि रोखठोक आक्षेप नोंदवलात, त्याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे: हा लेख बेदरकार चालकांना कायद्यातील पळवाटा शिकवतो, यंत्र खोटे बोलत नाही, आणि लोकअदालतीत कमी रकमेत प्रकरण मिटत असताना हजार-दोन हजारांसाठी सुनावणीचा हट्ट धरणे म्हणजे तुंबलेल्या न्यायालयांवर आणखी ओझे टाकणे.

रस्त्यावरील वेगाबद्दल आपल्याला वाटणारी चीड मलाही वाटते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडली आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदले गेले. ज्याने खरोखर मर्यादा ओलांडली, त्याने दंड भरावा, याविषयी आपल्यात मतभेद नाही. माझा लेख होता तो ज्याने ती ओलांडलेलीच नाही, त्याच्यासाठी. एका वाचकाने मला पाठवलेल्या चलानावरील छायाचित्रात एक मालवाहू टेम्पो आहे आणि त्याच्या नंबरप्लेटवरील इंग्रजी आठ आकड्याची डावी बाजू चिखलाने झाकलेली आहे. कॅमेऱ्याने तो आकडा तीन वाचला आणि चलान गेले एका स्कूटरच्या मालकिणीला. त्यांनी ते मुकाट्याने भरावे, असे आपणही म्हणणार नाही.

आपण ज्याला पळवाट म्हणता, ते मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम २०९ आहे. अतिवेग किंवा धोकादायक वाहन चालवणे या आरोपांखाली कोणालाही दोषी ठरवायचे असेल, तर त्याला त्याच वेळी तशी ताकीद दिलेली असावी लागते, किंवा १४ दिवसांच्या आत गुन्ह्याचे स्वरूप, वेळ आणि ठिकाण सांगणारी नोटीस त्याला वा वाहनाच्या नोंदणीकृत मालकाला पाठवलेली असावी लागते, किंवा २८ दिवसांच्या आत समन्स बजावलेले असावे लागते. वाहनमालकाचा पत्ता योग्य ते प्रयत्न करूनही मिळाला नाही, किंवा नोटीस न पोहोचण्यास आरोपीचेच वागणे कारणीभूत ठरले, तर ही अट लागू होत नाही. म्हणजे लपून बसणाऱ्याला या कलमाचा आधार मिळत नाही. मुदतीचे कारण मला पूर्णपणे पटते. कलम १३३ नुसार पोलिसांनी विचारल्यास गाडी कोण चालवत होते, हे सांगणे मालकावर बंधनकारक आहे. घरातील तिघे जण एकच गाडी वापरत असतील, तर आठवडाभरात विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देता येते; वर्षभराने कळलेल्या एखाद्या मंगळवारच्या दुपारबद्दल कोणी प्रामाणिकपणे काय सांगणार?

यंत्राबद्दल. कलम १८३ च्या उपकलम ३ नुसार एकट्या साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर अतिवेगाची शिक्षा होत नाही, त्या अंदाजाला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा आधार लागतो. म्हणून यंत्राची शहानिशा करणे हा आरोपीचा आगाऊपणा ठरत नाही. सारा खटलाच त्यावर उभा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये घातलेल्या नियम १६७-अ ने अशा उपकरणांना मान्यता प्रमाणपत्र आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण आवश्यक केले, तसेच देखरेख असलेल्या रस्त्यावर आधी सूचनाफलक लावण्यास सांगितले. ही कागदपत्रे मागावीत. मात्र ‘स्पीडगन तिरकी धरली होती’ हा लोकप्रिय बचाव करू नये, कारण रस्त्याकडेला स्थिर असलेली रडार गन तिरकी असेल तर वेग कमी दिसतो, जास्त नाही. वीस अंशांच्या कोनातून पाहिल्यास ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी सुमारे ७५ दाखवते. विचारण्याजोगा प्रश्न वेगळाच आहे: रडारची लहर अंतराबरोबर पसरते, तेव्हा शेजारी-शेजारी धावणाऱ्या दोन गाड्यांपैकी हा वेग नेमका कोणाचा?

छायाचित्र इलेक्ट्रॉनिक पुरावा असल्याने ते कोणत्या उपकरणातून आणि कसे तयार झाले, हे सांगणारे वेगळे प्रमाणपत्र त्यासोबत लागते. जालन्यातील निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, मूळ उपकरणच न्यायालयासमोर आणलेले नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट कायम आहे.

लोकअदालतीबाबत आपली गल्लत होते आहे, असे मला वाटते. तेथे कोण खरे, कोण खोटे, याचा निवाडा होत नाही. दोन्ही पक्षांची संमती असेल तरच तडजोड होते आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे त्या तडजोडीवर अपील नाही. ज्याला चूक मान्य आहे, त्याच्यासाठी ती उत्तम सोय आहे. त्या स्कूटरच्या मालकिणीने मात्र निम्मी रक्कम तरी का भरावी? त्यांनी तडजोड नाकारावी आणि प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाऊ द्यावे. न्यायालयावरील ओझ्याचे म्हणाल, तर चुकीची चलाने तपासणीच्या टप्प्यावरच रद्द झाली तर ते हलके होईल. निर्दोष माणसाने गप्प बसल्याने चूक करणारी यंत्रणा सुधारत नाही.

यात गैरसोय आहे, हे मी लपवत नाही. कामाचा दिवस बुडतो, पुढची तारीख पडते आणि आरोप सिद्ध झाला तर तडजोडीपेक्षा जास्त दंड होऊ शकतो. बाहेर घुटमळणारे दलाल ‘मिटवून देतो’ म्हणतात, त्यांच्या नादी लागू नये. सर्वांत नाजूक क्षण पुकारा झाल्यावर येतो. गर्दीत, घाईत ‘गुन्हा कबूल आहे का?’ असे विचारले जाते आणि पुढच्या माणसाचे ऐकून आपल्याही तोंडून ‘हो साहेब’ निघून जाते. तेथे ‘नाही, मला सुनावणी हवी आहे’ असे स्पष्ट सांगावे, छायाचित्राची प्रत आणि आपल्या गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र पुढे करावे आणि मिळालेल्या तारखेला न चुकता हजर राहावे, कारण गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकते.