मागच्या सीटचा पट्टा

परवा टपरीवर चहा पिताना आमच्या एका मित्राने सिद्धान्त मांडला की माणूस जे काही करतो ते भीतीपोटीच. नोकरी करतो हप्ता थकेल म्हणून, देवळात जातो काही वाईट होईल म्हणून, लग्नात आहेर करतो लोक नावं ठेवतील म्हणून. ऐकायला जोरदार होतं. टपरीवाल्यानेही मान डोलावली. मला मात्र घरी पोहोचेपर्यंत ते पटेनासं झालं, आणि त्याला कारण माझीच एक फजिती.

4 सप्टेंबर 2022 ला टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. आठवडाभर घरोघरी तोच विषय. मागेही पट्टा लावायचा असतो हे नियमात आधीपासून होतं, पण आपल्याला ते जणू त्या आठवड्यात कळलं. पुढे मुंबई पोलिसांनी 1 नोव्हेंबरपासून गाडीतल्या सगळ्यांनाच पट्ट्याची सक्ती केली.

मी खरंच घाबरलो होतो. टॅक्सीत बसलो की आधी पट्टा शोधायचो. तो बहुतेक वेळा सीट कव्हरखाली गाडलेला. एकदा असाच बोटं घालून उपसत होतो, तर ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "साहेब, मागे कोण लावतं?" बायको हसली. मी हात बाहेर काढला, रुमालाने पुसला आणि विषय संपला. मरणाची भीती जेमतेम पंधरा दिवस टिकली होती.

हे मित्राला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "अरे, मग ती हसं होण्याची भीतीच की!" म्हणजे पट्टा लावला तरी भीती, नाही लावला तरी भीती. हे ज्योतिषासारखं झालं. संकट आलं तर पत्रिका खरी, नाही आलं तर शांत केली म्हणून टळलं. कधीच चुकू न शकणाऱ्या सिद्धान्तातून मला नवीन काय कळणार?

आणि भीती जर एवढी जबरदस्त असती तर ती क्लिप विकलीच गेली नसती. पट्टा न लावता गाडीतली टिंगटिंग बंद करायची ती लोखंडी चकती माहीत असेल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये ऑनलाइन दुकानांना ती काढून टाकायला लावली. त्याआधी लोक पदरचे पैसे खर्चून ती घेत होते. जीव वाचवणाऱ्या यंत्राचं तोंड बंद करायला पैसे! यात भीती कुठे शोधायची? मला तर फक्त कटकट टाळलेली दिसते.

लोकलचंही तेच. आपल्या स्टेशनांवर मेट्रोसारखी फाटकं नाहीत, टीसी रोज भेटत नाही. पकडलं तर किमान 250 रुपये दंड आणि वर भाडं. निव्वळ हिशेब केला तर वर्षातून एखाद-दुसरा दंड भरणं बारा महिन्यांच्या पासापेक्षा स्वस्त पडू शकतं. फुकटे आहेतच, पण तरी खिडकीवर पास काढणाऱ्यांची रांग हटत नाही. माझा पास एकदा नकळत संपला होता. तीन दिवस मी मजेत, पेपर वाचत प्रवास केला. चौथ्या दिवशी मुलुंडला तारीख दिसली आणि ठाण्यापर्यंत घाम फुटला. म्हणजे एरवी रोज पास काढून जाणारा मी घाबरून जात नव्हतो. पास काढायचा असतो म्हणून काढत होतो, जसं घरात शिरताना चपला काढतो.

भीती नसतेच असं मी म्हणत नाही. डॉक्टरने साखर सांगितली की दोन महिने सकाळी फिरणारे आम्हीच. पण तिसऱ्या महिन्यात जे अजून फिरत असतात, त्यांना विचारून बघा. ते कट्ट्यावरच्या मित्रांसाठी येतात, नाहीतर नंतरच्या पोह्यांसाठी.

हे सगळं मित्राला ऐकवलं. तो हसला, स्कूटर काढली. हेल्मेट कोपरात अडकवलेलं.

"डोक्यावर घाल ना."

"तीन हात नाक्याच्या आधी घालतो," म्हणाला आणि गेला.