घरी जोडलेलं हवा-मापक खेळणं नाही

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'दोन-अडीच हजारांत घरी जोडलेली हवा मोजायची यंत्रं म्हणजे खेळणी. आकडे मनाचे दाखवतात, जोडायला इंजिनिअर लागतो. आणि खेड्यात हवा शुद्धच, मोजायचं काय?' मी असं यंत्र जोडून वापरतोय, म्हणून लिहितो.

'आकडे मनाचे.' नाही. पीएमएस५००३ सारख्या सेन्सरमधला छोटा पंखा हवा आत ओढतो, लेझरच्या झोतातून धूलिकण जातात आणि विखुरलेल्या प्रकाशावरून त्यांचं प्रमाण काढलं जातं. हा अंदाजच, सरकारी केंद्रातल्या लाखोंच्या यंत्राशी त्याची बरोबरी नाही. पावसाळ्यात कण पाणी धरून फुगतात, आकडा वाढीव येतो. कुकरची वाफही त्याला धूळच वाटते. म्हणून मी शेजारी आर्द्रतेचा सेन्सर लावलाय. पण एकच यंत्र, एकच खोली, खिडकी आधी बंद आणि मग उघडी, असं मोजलं की कळतं काय बदललं. घरात ठरवायचं असतं ते त्यावरूनच.

'आकडे मनाचे' हे एका बाबतीत मात्र मान्य. एमक्यू-१३५ हा वायूंचा सेन्सर लावून 'कार्बन डायऑक्साइड' म्हणून दाखवलेल्या आकड्यावर विसंबू नका, तो सेन्सर अनेक वायूंना सरमिसळ प्रतिसाद देतो. त्यासाठी एमएच-झेड१९ सारखा अवरक्त प्रकाशावर चालणारा घ्या.

'इंजिनिअर लागतो.' सेन्सरच्या तीन तारा ईएसपी८२६६ या वाय-फायवाल्या छोट्या संगणक-बोर्डाला: पाच व्होल्ट, ग्राउंड, डेटा. तयार प्रोग्राम फुकट मिळतो.

'खेड्यात हवा शुद्धच.' हे वाचून राग आला. आमच्याकडे भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात. गेल्या हिवाळ्यात आईने मागच्या खोलीतल्या चुलीवर भाजायला घेतली तेव्हा यंत्र फळीवर होतं. पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कणांचा, आकडा ४० वरून दहा मिनिटांत ४०० पार. दार-खिडकी उघडली, तरी ६० वर यायला पाऊण तास लागला. भारताची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. दहा मिनिटांचा आकडा दिवसाच्या सरासरीला थेट लावता येत नाही, हे कबूल. पण त्या चुलीपुढे आई रोज दोन वेळा बसायची. ती खोकायची, डोळे पदराने पुसायची, आणि आम्ही 'धूर तर होणारच' म्हणायचो.

आता चूल अंगणात आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र या यंत्राच्या भरवशावर पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइड त्याला दिसत नाही.